पाठमोरी

फळ्याकडे वळले की इंजिन सुरू होतं.
टुकटुकटुकटुक.
ओठ मिटलेले, माना खाली,
आवाज नेमका कुठल्या बाकावरून येतो, सापडत नाही.
वळून पाहिलं की नववी ब एकदम शहाणी.
चाळीस पुस्तकं उघडी.
त्यातली तीन उलटी.

मी दिग्रसची. समुद्र पाहिला तोच मुळी
नेमणुकीचा कागद घेऊन हर्णैला उतरले त्या दिवशी,
आणि पहिल्याच तासाला तोंडून गेलं,
"काय करून राहिले रे तुम्ही?"
मधल्या सुट्टीपर्यंत अख्खी शाळा
काही ना काही करून राहिली होती.
शिपाईसुद्धा. घंटा देऊन राहिला होता.

संध्याकाळी खोलीवर, आरशासमोर
रागावण्याचा सराव करायचे.
भुवया. बोट. "उभा राहा!"
आरशातली बाई दचकून उभी राहायची.

हेडसर म्हणाले, गावंडे बाई, एकाला धरा,
बाकीचे आपोआप गप्प बसतात.
मी धरला. शेवटच्या बाकावरचा विघ्नेश पालशेतकर.
तोच होता का?
त्याच्या डोळ्यांत थोडं हसू उरलं होतं,
एवढाच पुरावा.

वडील बंदरावरून तसेच आले.
गमबूट दाराबाहेर काढले,
अनवाणी आत आले, देवळात यावं तसे.
मला हात जोडले,
"बाई, तुमी येवढ्या लांबशी आलाव आमच्या पोरांसाटी."
आणि वळून, त्याच हातांनी,
तीनदा. की चारदा.
मी "अहो" म्हटलं.
एवढंच. तेही शेवटच्या फटक्यानंतर.
पोराच्या गालावर बापाच्या हाताचा
एक खवला चिकटून राहिला होता,
उन्हात चमकत होता,
आणि वर्गात कुणीही हसलं नाही.

मग शांतता.
बघा, जमलं की नाही, हेडसर म्हणाले.
मी फळ्यावर लिहायचे
आणि खडू ऐकू यायचा, माझ्याच बांगड्या ऐकू यायच्या,
पटांगणापलीकडची सुरूची झाडं.
"एक साथ नमस्ते" इतकं स्वच्छ म्हणायचे सगळे
की पाठीत काट्यासारखं काही रुतायचं,
हात पोचत नाही अशा जागी.

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर
तो दप्तर भरत होता, मी बाकाशी थांबले.
घोकून आणलेलं सगळं विसरले.
म्हटलं, "मी त्यांना बोलवायला नको होतं."
तो वहीच्या समासावर पेन फिरवत राहिला,
रेघ जाड होत गेली, कागद फाटेपर्यंत.
मग खाली बघूनच,
"इंजिन मी नाय काढत, बाई.
मना जमत नाय, दम पुरत नाय.
मी नुस्ता गेर टाकायचो."

कोण काढतं, हे मी विचारलं नाही.
नोकरीत आल्यापासून
न विचारलेला हा माझा पहिला प्रश्न.
रात्री खोलीवर तेवढ्यावरच हसू आलं.
गेर टाकायचो!
आरशाकडे पाहिलं नाही.

आज भूगोल. खारे वारे, मतलई वारे.
फळ्यावर किनारा काढलाय,
एक होडी, तिला शीड, बाण.
बाण बहुतेक उलटे पडलेत,
कारण मागे कुणीतरी श्वास ओढला
आणि तसाच आत ठेवला.
पूर्वी वळले असते.

मानेवर घाम आहे. खडू थांबवलाय.
मुद्दाम थांबवलाय.
कुणीतरी नांगर उचला रे,
गेर टाकणारा जागेवर आहे.
मी इथे पाठमोरी
वाट पाहून राहिली.